कारण काय सांगू, मावशी?

पत्र

मावशी,

मी २४ वर्षांची आहे. गाव सांगलीजवळ, नोकरी पुण्यात. तेराव्या वर्षी मला ब्लड कॅन्सर झाला, एएलएल. मुंबईत अडीच वर्षं उपचार झाले. आता बरी आहे, वर्षातून एकदा फॉलोअपला जाते. कॉलेज संपल्यापासून सायकल चालवते. येत्या डिसेंबरात ग्रुपमधल्या चौघांबरोबर मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला जायचं ठरलंय. त्या निमित्ताने कॅन्सर झालेल्या लहान मुलांसाठी पैसे गोळा करायचेत.

गावातल्या मंडळाने बॅनर करायला घेतलाय. त्यावर माझा फोटो आणि खाली 'मृत्यूला हरवणारी रणरागिणी'. एका वार्ताहराने प्रेरणा काय म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं की शेजारच्या कॉटवरची माझी मैत्रीण गेली, तिच्यासाठी जातेय. हे खोटं नाही. पण खरंही नाही. खरं हे आहे की सायकलवर असले की मी कधी आजारी होते हे मला आठवतच नाही. म्हणून जायचंय. आता हे कारण सांगून लोकांकडे पैसे कसे मागायचे? दादा म्हणतो, सगळी चमकोगिरी आहे. आई नीट बोलतच नाही. विचारलं की म्हणते, देवाने एकदा वाचवलं, आता पुन्हा जिवाशी खेळ कशाला? मी आजारी मुलांच्या नावावर स्वतःची ट्रिप करतेय का?

– सायकलवेडी

उत्तर

प्रिय सायकलवेडी,

सायकलवर असताना आजार आठवत नाही म्हणून जायचंय, हे कारण पुरेसं आहे. तुला एवढंच ऐकायचं असेल तर इथेच थांबलीस तरी चालेल. पण थांबू नकोस, कारण तुझी हौस, मैत्रीण, लोकांचे पैसे आणि आई हे सगळं तू एकाच पिशवीत कोंबलंयस, आणि कशाचं ओझं कुठे लागतंय ते तुलाच कळेनासं झालंय.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं बघू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात 'पॅन-मास चॅलेंज' नावाची मोठी सायकल मोहीम दरवर्षी निघते. बिली स्टार नावाच्या तरुणाने ती १९८० मध्ये सुरू केली. त्याची आई १९७४ मध्ये मेलानोमाने, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरने गेली होती. पण बॉस्टनहून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सायकलने जाण्याचा नाद त्याला आधीपासूनच होता. जी सफर आवडते तिलाच त्याने देणगीची जोड दिली. पहिल्या वर्षी ३६ जण निघाले आणि १०,२०० डॉलर जमले. आज त्या मोहिमेने डेना-फार्बर कॅन्सर संस्थेला दिलेली एकूण रक्कम १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. त्यातला एक डॉलरही बिलीची हौस खरी होती की दुःख खरं होतं हे तपासून कोणी दिला नसणार. टेक्सास विद्यापीठातले विद्यार्थी ऑस्टिनहून पार अलास्कापर्यंत, ४,००० मैलांहून जास्त अंतर, कॅन्सरसाठी सायकल मारतात. ती मोहीम सुरू करणाऱ्यांतही लहानपणी कॅन्सर होऊन बरा झालेला एक विद्यार्थी होता. न आवडणाऱ्या गोष्टीसाठी कोणी इतके दिवस खोगिरावर बसत नाही गं.

माझं जास्त लक्ष आहे ते मैत्रिणीकडे. एका कॅन्सर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. बरी झालेली मुलं मोठी होऊन परत येत, हातात पेढे, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: 'मला परतफेड करायचीय.' ऐकून बरं वाटायचं. हळूहळू मला त्या वाक्याची धास्ती वाटायला लागली. परतफेड म्हटलं की कर्ज आलं, आणि हे कर्ज कोणी दिलेलंच नसतं, त्यामुळे ते फिटतही नाही. तुझ्या मैत्रिणीलाही तीच केमो मिळाली, तीच पाठीतली इंजेक्शनं, रक्तातल्या पेशींचे काउंट खाली आले की तोच मास्क. तिच्यावर औषध चाललं नाही, तुझ्यावर चाललं. तू जास्त झुंजलीस म्हणून नव्हे. म्हणून तो बॅनर मला खुपतो. 'मृत्यूला हरवणारी' असं चौकात लागलं आणि उद्या तिची आई त्या रस्त्याने गेली, तर तिने काय समजायचं?

तुला टेरी फॉक्स माहीत असेलच. कॅनडाच्या या मुलाचा उजवा पाय १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, हाडाच्या कॅन्सरमुळे कापावा लागला. १२ एप्रिल १९८० ला तो कॅन्सरसाठी पैसे जमवायला सेंट जॉन्सहून कृत्रिम पायावर धावत निघाला, रोज जवळजवळ मॅरेथॉनइतकं. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि १ सप्टेंबरला थंडर बेजवळ तो थांबला, कारण कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला, तेव्हा त्याला तेवीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. त्याच्या नावाच्या दौडी आजही जगभर होतात. एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. निघण्याआधीच्या तपासणीत त्याच्या हृदयाचा आकार वाढलेला दिसला होता. त्रास झाला तर लगेच थांबेन, असं वचन घेऊनच डॉक्टरांनी परवानगी दिली. वाटेत मात्र तो नियमित तपासणीला तयार नसे, आणि त्यावरून तेव्हाच टीका झाली होती. धावल्यामुळे आजार उलटला असं मी म्हणत नाही. पण वॉर्डातले चेहरे मागे ठेवून आपण सुटलो, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. असं मन घेऊन निघालेल्या माणसाला थांबणं फार जड जातं. त्याच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, तरी तू त्याचा कित्ता गिरवावास असं मला वाटत नाही.

हौसेने निघालेला माणूस तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर एसटीत सायकल टाकून परत येतो. ऋण फेडायला निघालेला येत नाही. तुला मी हौसेच्या कारणावरच ठेवू बघतेय, ते यासाठी.

मैत्रिणीची आठवण बरोबर असू दे, ती कोण काढून घेणार? पण वार्ताहराला, फेसबुकला, मंडळाला तिची गोष्ट द्यायची असेल तर आधी तिच्या आईवडिलांना भेट. फोन करू नकोस, घरी जा. त्यांनी नको म्हटलं तर विषय संपला. हो म्हटलं तरी नाव, गाव, फोटो नको.

आता पैसे. दादाच्या 'चमकोगिरी'ला उत्तर द्यायचं तर ते हिशेबानेच देता येईल. पॅन-मासमधला एक नियम उचल: सायकलस्वारांनी जमवलेले सगळे पैसे रुग्णांच्या कामाला जातात, मोहिमेचा खर्च त्यातून होत नाही. तुमच्या पाच जणांची राहणी, जेवण, फेरीबोट, ट्यूब-टायर, परतीचं भाडं, सगळं स्वतःच्या पगारातून. देणगी मात्र तुझ्या गूगल पेवर एक रुपयाही घेऊ नकोस, मित्राच्याही नको. देणारा थेट संस्थेच्या खात्यात भरेल आणि पावती संस्थाच देईल. रोखीने कोणी दिलेच तर तिथल्या तिथे नाव लिहून घ्यायचं, आणि हेही सांगायचं की २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला करसवलत मिळत नाही. एवढं केलंस की तुझी ट्रिप तुझ्या पैशांची आणि मुलांचे पैसे मुलांचे. मग दादाला बोलायला जागा उरत नाही. उरली तरी बोलू दे, धाकट्या बहिणीला टोकणं हा दादा लोकांचा हक्कच असतो.

कुणासाठी मागतेस, हेही नेमकं ठरव. 'कॅन्सरग्रस्त मुलांसाठी' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. उपचारांचा मोठा खर्च आता बऱ्याच जणांचा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागतो. भागत नाही तो सांगलीहून, बुलढाण्याहून, गडचिरोलीहून मूल घेऊन आलेल्या आईबापांचा मुंबईतला मुक्काम. दोघांपैकी एकाची मजुरी बुडते, घरी दुसरं लेकरू आजीपाशी असतं, आणि केमो चालू असताना मुलाला स्वच्छ जागा आणि चांगलं खाणं लागतं, तेही महिनोन् महिने. तू हे सगळं भोगलंयस, मी नव्याने काय सांगणार? याच कारणांनी काही घरं उपचार अर्धवट टाकून गावी निघून जातात. आपल्याकडे औषध असूनही मुलं जातात, त्यातलं हे एक मोठं कारण. श्रीमंत देशांत तुझ्यासारख्या आजाराची दहापैकी सुमारे नऊ मुलं बरी होतात. तिथे मध्येच सोडून जाणं जवळपास नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना वर्षानुवर्षं आसरा देतेय. सेंट ज्यूड इंडिया २००६ पासून उपचार घेणाऱ्या मुलांना आईवडिलांसह फुकट ठेवून घेते. कडल्स फाउंडेशन मुलांच्या आहाराचं बघतं. यातलं एक निवड, किंवा जिथे बरी झालीस त्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन विचार की सध्या कशाची चणचण आहे. मग लोकांना सांग: एका घराचा मुंबईतला इतक्या दिवसांचा मुक्काम आम्हाला भागवायचाय. आकडा संस्थेकडूनच घे.

शरीराचं मला सगळ्यात आधी लिहायला हवं होतं खरं तर, पण तू पत्रात त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाहीस, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिते. वर्षातून एकदा फॉलोअपला जाणं वेगळं आणि रोज साठ-सत्तर किलोमीटर सायकल मारण्याआधी दाखवणं वेगळं. लाल सलाईन आठवतंय ना? डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन ही ती औषधं. त्यांचा परिणाम हृदयाच्या स्नायूंवर होऊ शकतो, आणि तो कधीकधी कित्येक वर्षांनी दिसतो. तुझ्या फाइलमध्ये त्यांचा एकूण डोस लिहिलेला असेल. तो आणि शेवटचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, घेऊन डॉक्टरांना थेट विचार: मला सलग इतके दिवस, चढावर, एवढा जोर लावायचाय, चालेल का? इको झोपून काढतात. जोर लावताना हृदय कसं वागतं ते बघायला आणखी तपासणी लागेल का, हे त्यांना ठरवू दे. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या दुसऱ्या औषधाने हातापायांच्या नसा दुखावतात. बहुतेकांचं ते भरून येतं, पण तुला अजून बोटांत मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलताना आळस करत असेल तर लपवू नकोस. उतारावर बराच वेळ ब्रेक दाबून धरायचा असतो, तो बोटांनीच. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकला बोटांचा जोर कमी लागतो, ग्रुपमधल्या कुणाकडे असेल तर सायकल बदलून बघ. स्टिरॉइड तू नेमकी तेराव्या वर्षी घेतलीस. त्या वयात ती खुब्याच्या आणि गुडघ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडवू शकतात. जांघेत किंवा गुडघ्यात खोल दुखत असेल तर 'सायकलचंच असेल' म्हणून सोडून देऊ नकोस, एमआरआय करायचा का ते विचार. टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी 'अ‍ॅक्ट' नावाचं वेगळं क्लिनिक १९९१ पासून चालतं. तू तिथली असशील तर तिथेच जा, नसशील तर तुझ्या रुग्णालयात असं काही आहे का बघ.

त्यात तुम्ही वाट निवडलीय किनाऱ्याची! नकाशावर ती समुद्राला लागून सरळ खाली जाते, म्हणून घाटावरच्या माणसाला सपाट वाटते. माझं माहेर गुहागर, तेव्हा ऐक. कोकणात दर थोड्या अंतरावर खाडी. खाडीपर्यंत उतरायचं, फेरीबोटीत सायकल चढवायची, पलीकडे उतरलं की परत सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढायचं. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, आणि प्रत्येक ठिकाणी हाच खेळ. पुढे रत्नागिरी ते देवगडही काही कमी नाही. ठिकठिकाणी चढ असा उभा की चांगले चांगले उतरून सायकल ढकलतात. तुम्हीही ढकला, त्यात काही लाज नाही. डिसेंबरात सकाळी हवा छान असते, पण अकरानंतर सड्यावर ऊन भाजून काढतं आणि सावलीला झाड नसतं. तांबडं फुटताना निघायचं आणि जेवणाआधी मुक्काम गाठायचा, असे टप्पे पाडा. सात दिवसांत गोवा असं कुठे जाहीर केलं असशील तर ते मागे घे. दिवस जाहीर केले की लोक मोजायला लागतात.

आता आई. तिच्याबद्दल मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण सायकलमुळे तू पडशील, दमशील, आजारी पडशील, एवढंच तिच्या मनात आहे असं मला वाटत नाही. तू चोवीस वर्षांची आहेस. घरात स्थळांची कुजबुज सुरू झाली असणार. अडीच वर्षं मुंबईत काढली ती गावात कोणाला काय सांगून? 'रक्ताचा काहीतरी त्रास', 'कावीळ उलटली', असंच काहीतरी ना? त्या माउलीने दहा वर्षं जे झाकून ठेवलं ते चौकात वीस फुटांच्या फ्लेक्सवर तुझ्या फोटोसकट लागणार आहे. ती बोलत नाही, कारण हे बोलायला तिच्याकडे शब्द नाहीत. बोलली तर तुला वाटेल आईला माझी लाज वाटते, हेही तिला कळतं.

लोक काय म्हणतील याची पर्वा करू नकोस, असं पुण्याच्या खोलीतून लिहायला सोपं आहे. मी तसं लिहिणार नाही. एकदा पेपरात छापून आलं की पुढची कैक वर्षं तुझं नाव मोबाइलवर टाकलं की आजार पहिला येईल: सासरच्या माणसांना, नोकरी देणाऱ्यांना, विमा कंपनीला. तुला हे चालत असेल तर उत्तम. पण ते तू ठरवायचंस, मंडळाने नव्हे. आणि एक तिसरी वाट आहे जी तुला सुचलेली दिसत नाही: मोहीम मुलांसाठी काढ, आणि स्वतःच्या आजाराचं नाव घेऊ नकोस. 'आम्ही पाच जण सायकलवर गोव्याला चाललोय, मुलांच्या मुक्कामासाठी मदत करा.' झालं. स्वतःची फाइल लोकांपुढे उघडल्याशिवाय पैसे मागता येत नाहीत असं थोडंच आहे? ज्या मुलाशी लग्न ठरत असेल त्याला मात्र ठरण्याआधी सगळं सांगायचं, तू स्वतः, आडून नाही. त्याला सांगणं वेगळं आणि चौकाला सांगणं वेगळं.

लग्न आणि मूल या दोन्ही बाबतीत आईच्या मनात जे आहे ते बहुधा अकरा वर्षांपूर्वी ओपीडीबाहेरच्या बाकावर कोणाच्या तरी तोंडून ऐकलेलं असणार. पुढच्या फॉलोअपला तिला बरोबर ने आणि तिच्या देखत डॉक्टरांना विचार: हिला मूल होण्यात काही अडचण आहे का? सायकल चालवली तर चालेल का? तुझ्या आजाराच्या उपचारांनंतर पुष्कळ मुलींचा संसार अगदी नेहमीसारखा होतो, पण तुझं उत्तर तुझ्या फाइलवरून येऊ दे, माझ्या सदरातून नको. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' नावाचा गट आहे, लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्यांचा, २००९ पासून. तिथे तुझ्याहून मोठ्या, नोकरी-संसार करणाऱ्या मुली भेटतील. त्यांच्यातल्या एकीशी आईची गाठ घालून दे. माझ्या दहा पत्रांनी जे होणार नाही ते त्यांच्या एका चहाने होईल.

आणि तिला परवानगी मागत बसू नकोस. परवानगी मागितली की पुढे जे होईल त्याची जबाबदारी तिच्यावर येते, म्हणून ती नाही म्हणते. त्याऐवजी काम दे. गणपतीपुळ्याला तुमचा मुक्काम असेल, तिथे ये म्हण. कोल्हापूरहून आंबा घाटाने सरळ वाट आहे. येताना दादालाही आण.

वार्ताहर पुन्हा भेटला तर काय सांगायचं? 'मला सायकल आवडते. जातेच आहे, तर मुलांसाठी थोडे पैसे जमले तर बरं.' तो खट्टू होईल, त्याला मथळा मिळणार नाही. होऊ दे. आधी दिलेल्या उत्तराबद्दल त्याला आजच फोन कर आणि मैत्रिणीचा उल्लेख काढायला सांग, अजून छापून आलं नसेल तर. मंडळालाही कळव, फ्लेक्सवर पाच सायकली आणि संस्थेचं नाव असेल, फोटो कोणाचाच नसेल. छपाईचे पैसे गेले म्हणून कोणी कुरकुर केली तर तेवढे तू भर.

– मावशी